मध्यरात्रीच्या उजेडात खेळणारा संघ

21 जूनच्या आसपासची एक रात्र. घड्याळात साडेदहा वाजलेत. आपल्याकडे या वेळी मुलांना झोपवायची घाई असते. अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात मात्र आईबाबा, आजी-आजोबा आणि डोळे टक्क उघडे असलेली लहान मुलं मैदानात येऊन बसलेली असतात. समोर बेसबॉलचा सामना सुरू होतो. मैदानावर एकही दिवा लावला जात नाही, कारण त्याची गरजच नसते. आकाशात अजून सूर्य असतो.

हा सामना भरवणारा यजमान संघ म्हणजे अलास्का गोल्डपॅनर्स. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचा हा उन्हाळी संघ आहे. इथले खेळाडू दरवर्षी बदलतात आणि ऑगस्ट आला की आपापल्या घरी निघून जातात. तरीही साठ वर्षांहून अधिक काळ हे शहर त्याला 'आपला संघ' म्हणत आलं आहे. परक्या मुलांवर असा जीव लावणाऱ्या शहराची ही गोष्ट.

पैजेतून सुरू झालेली परंपरा

फेअरबँक्स हे उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला वसलेलं शहर. 1902 मध्ये फेलिक्स पेड्रो नावाच्या इटालियन माणसाला या भागात सोनं सापडलं आणि नशीब काढायला आलेल्यांची वस्ती उभी राहिली. हिवाळ्यात इथला पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो आणि दिवस जेमतेम चार तासांचा होतो. जूनमध्ये याच्या अगदी उलट. सूर्य रात्री पावणेएकच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा वर येतो. मधल्या दोन तासांतही पुरता अंधार पडत नाही.

अशाच एका रात्री, 1906 मध्ये, गावातल्या दोन मद्यालयांच्या गिऱ्हाइकांमध्ये पैज लागली आणि मध्यरात्री बेसबॉलचा सामना झाला. तेव्हापासून वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी हा 'मिडनाइट सन गेम' खेळण्याची परंपरा पडली. मध्यरात्रीच्या सुमारास खेळ थोडा वेळ थांबतो, सगळे उभे राहून अलास्काचं राज्यगीत म्हणतात आणि मग उरलेला सामना पूर्ण होतो.

झारेकऱ्यांचं नाव

1959 मध्ये अलास्का अमेरिकेचं 49 वं राज्य झालं. पुढच्याच वर्षी रेड बाउचर या उत्साही माणसाने फेअरबँक्समध्ये संघ उभा केला. हेच बाउचर पुढे शहराचे महापौर आणि नंतर राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. संघाला त्यांनी नाव दिलं गोल्डपॅनर्स, म्हणजे नदीतली वाळू परातीत घोळवून सोन्याचे कण शोधणारे लोक. आपल्याकडे सराफांच्या दुकानापुढची माती गोळा करून, धुऊन त्यातलं सोनं वेगळं करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. तसंच हे नाव.

नाव शोभेलसंच काम संघाने पुढे केलं. देशभरातल्या कॉलेजांमधून होतकरू मुलं निवडायची, त्यांना उन्हाळाभर खेळवायचं आणि त्यातून सोनं हाती लागतंय का ते पाहायचं.

बिनपगारी खेळाडू, घरचं जेवण

अमेरिकेत कॉलेजचा बेसबॉल हंगाम जूनच्या सुमारास संपतो. पुढचे दोन-अडीच महिने सराव सुटू नये म्हणून मुलं वेगवेगळ्या गावांतल्या उन्हाळी संघांकडून खेळतात. त्यांना खेळण्याचा पगार मिळत नाही. पगार घेतला, तर ती व्यावसायिक ठरतील आणि कॉलेजच्या संघात खेळण्याचा हक्क गमावून बसतील. मग दूरच्या गावात ती राहतात कुठे आणि जेवतात काय?

याचं उत्तर आहे यजमान कुटुंबं. गावातली घरं एक-दोन खेळाडूंना उन्हाळ्यापुरतं ठेवून घेतात. एक रिकामी खोली, फ्रिजमध्ये जास्तीचं दूध आणि सामना संपवून उशिरा येणाऱ्या मुलासाठी झाकून ठेवलेलं ताट, एवढंच. आपल्याकडे पूर्वी पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या घरांनाही त्यातून काही मिळायचं नव्हतं. पण मुलगा पुढे नाव काढायचा, तेव्हा त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा आनंद काही वेगळाच असायचा. फेअरबँक्समधल्या घरांचा आनंद याच जातीचा आहे.

हाती लागलेलं सोनं

1964 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाहून टॉम सीव्हर नावाचा एकोणीस वर्षांचा पिचर इथे आला. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, आपल्या गोलंदाजासारखा. एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने त्याला सांगितलं होतं, आधी अलास्कात खेळून दाखव, मग शिष्यवृत्तीचं बघू. त्याने खेळून दाखवलं आणि शिष्यवृत्ती मिळवली. पाचच वर्षांनी, 1969 मध्ये, एकेकाळी ज्याची टिंगल व्हायची त्या न्यूयॉर्क मेट्स संघाच्या जगज्जेतेपदात त्याचा सिंहाचा वाटा होता.

1971 आणि 1972 मध्ये इथे खेळलेला डेव्ह विनफिल्ड कॉलेजात मुख्यतः पिचर होता. पुढे तो महान फलंदाज म्हणून गाजला. सर्वाधिक 762 होमरनचा विक्रम नावावर असलेला बॅरी बाँड्सही 1983 मध्ये याच संघात होता. गोल्डपॅनर्समधून मेजर लीगपर्यंत पोहोचलेल्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते.

संघ म्हणूनही त्यांनी नाव कमावलं. सुमारे साडेचार हजार किलोमीटरवरच्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात हौशी संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. गोल्डपॅनर्सनी ती 1972, 1973 आणि 1974 अशी सलग तीन वर्षं जिंकली. पुढे 1976, 1980 आणि 2002 मध्येही विजेतेपद त्यांच्याकडे आलं.

मैदानाच्या नावामागचं दुःख

संघाच्या मैदानाचं नाव आहे ग्रोडन मेमोरियल पार्क. जेम्स ग्रोडन हे मुलांना खेळ शिकवणारे शिक्षक होते. 27 मार्च 1964 रोजी अलास्कात 9.2 तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वेळी ते वाल्डेझ बंदराच्या धक्क्यावर होते. धक्का खचला, लाटा उसळल्या आणि ग्रोडन त्यांच्या दोन मुलांसह त्यात गेले. आज त्यांच्या नावाच्या मैदानावर दर उन्हाळ्यात दुसऱ्यांची मुलं धावतात.

टिकून राहण्याची धडपड

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. इतक्या लांबच्या शहरात संघ आणायचा, खेळवायचा, तर विमानाच्या तिकिटांपासून सगळंच महाग. देशाच्या इतर भागांतल्या उन्हाळी स्पर्धाही चांगल्या मुलांना खेचून घेतात. 2010 नंतरच्या दशकात तर गोल्डपॅनर्स अलास्काच्या लीगमधून बाहेर पडले आणि आपले सामने स्वतः ठरवू लागले. ज्या संघाचा एकेकाळी देशभर दरारा होता, त्याच्यासाठी हे सोपं नव्हतं.

तरी 21 जूनची रात्र आली की बाकं भरतात. गेलेली मुलंही कधीतरी परत येतात. विद्यार्थी असताना इथे खेळलेला बिल ली पुढे बोस्टन रेड सॉक्सचा नामांकित पिचर झाला. 2008 मध्ये, वयाच्या 61 व्या वर्षी, तो पुन्हा फेअरबँक्सला आला, मध्यरात्रीच्या सामन्यात नातवंडं शोभतील अशा मुलांबरोबर खेळला आणि सामना जिंकून गेला.

मुलं शिकायला, नोकरीला बाहेर पडतात तेव्हा आपणही काळजीत असतो. वेळेवर खाईल ना, कुणी विचारपूस करेल ना? जगाच्या एका टोकाला काही घरं दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी आईची ही काळजी आपल्या अंगावर घेतात. त्यातला एखादाच सीव्हर होतो. बाकीचे शिक्षक, दुकानदार, प्रशिक्षक होतात. झाकलेलं ताट मात्र सगळ्यांसाठी सारखंच असतं.