यमी ते यमुना : एका जुळ्या बहिणीचा मागोवा

कार्तिक शुद्ध द्वितीयेला महाराष्ट्रात भाऊबीज म्हणून जो सण साजरा होतो, त्याला धर्मशास्त्राच्या ग्रंथांत यमद्वितीया असे नाव आहे, कारण या तिथीला मृत्यूचा अधिपती यम आपली जुळी बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला, अशी कथा त्यामागे सांगितली जाते. या कथेपुरतीच ओळख असणाऱ्याला यमुना केवळ मायाळू आणि आतिथ्यशील वाटते. परंतु या देवतेचे चरित्र त्याहून पुष्कळ जुने आहे आणि त्याचा आरंभ जेवणाच्या पाटापाशी झालेला नसून एका तीव्र वादात झालेला आहे. वैदिक वाङ्मयात यमी या नावाने वावरणारी ही बहीण भावाशी भांडते, त्याला दुबळा म्हणते, पुढे त्याच्या मृत्यूने वेडीपिशी होते, आणि बऱ्याच काळानंतर नदीच्या रूपाने पृथ्वीवर येऊन त्याला आपल्या घरी बोलावते. या प्रवासाचा मागोवा घेताना एक गोष्ट सतत जाणवत राहते, ती म्हणजे प्रत्येक टप्प्यावर हाक बहिणीचीच असते आणि बदलत जाते ते भावाचे उत्तर.

या जुळ्यांच्या बालपणावर आईच्या निघून जाण्याची छाया आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सतराव्या सूक्ताच्या पहिल्या दोन ऋचांत त्वष्टा या देवशिल्पीची कन्या सरण्यू आणि विवस्वान म्हणजे सूर्य यांच्या विवाहाचा उल्लेख येतो. यमाची ही माता नाहीशी झाली, देवांनी तिला मर्त्यांपासून लपवले, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी स्त्री विवस्वानाला दिली, असे तेथे अत्यंत त्रोटक शब्दांत म्हटले आहे. पुराणांनी या त्रोटक उल्लेखाचे मोठे आख्यान केले आणि सरण्यूला संज्ञा व तिच्या जागी आलेल्या स्त्रीला छाया अशी नावे दिली. मार्कंडेय पुराणातील तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. सूर्याचे तेज सहन न झाल्याने संज्ञेने डोळे मिटले, तेव्हा रागावलेल्या सूर्याने तिला प्रजेचे संयमन करणारा पुत्र होईल असा शाप दिला, आणि त्यानंतर भीतीने तिची नजर चंचल झालेली पाहून चंचल लाटांची नदी होणारी कन्या तुला होईल असे म्हटले. भावाच्या वाट्याला निग्रह आणि बहिणीच्या वाट्याला प्रवाह ही विभागणी अशा रीतीने दोघांच्या जन्माआधीच, आईबापांच्या बेबनावातून झालेली आहे. पुढे सावत्र वागणाऱ्या छायेवर यमाने पाय उगारला आणि तो पाय गळून पडेल असा शाप तिच्याकडून ओढवून घेतला, तो पित्याने सौम्य केला, ही कथा पुराणकार विस्ताराने सांगतात. मात्र त्याच घरात त्याच सावत्रपणाखाली वाढणाऱ्या मुलीला काय वाटले असेल, याकडे त्यांचे लक्ष गेलेले नाही. पुराणांच्या या मौनामुळेच वैदिक यमीचे बोलणे अधिक मोलाचे ठरते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दहावे सूक्त हे संवादसूक्त आहे, म्हणजे स्तुतीऐवजी दोन पात्रांच्या बोलण्यातून उलगडणारी रचना आहे. त्याच्या चौदा ऋचांत यमी भावाला पतिपत्नी म्हणून एकत्र येण्यासाठी विनवते आणि यम ते नाकारतो. तिचे बोलणे केवळ वासनेचे नसून युक्तिवादाचे आहे : एकुलत्या एका मर्त्याने वंश मागे ठेवावा अशी देवांचीच इच्छा आहे, त्वष्ट्याने आपल्याला गर्भातच जोडपे म्हणून घडवले आहे, आणि बहीण निराधार राहणार असेल तर भाऊ असण्याला अर्थ काय उरतो, असे ती एकामागून एक मुद्दे मांडते. यमाचे उत्तर नियमाचे आहे. देवांचे हेर सर्वत्र फिरत असतात आणि ते डोळे मिटत नाहीत, मित्र आणि वरुण यांची व्यवस्था मोडता येणार नाही, तू दुसरा पुरुष शोध, असे तो सांगत राहतो. शेवटी ती संतापून त्याला मन नाही, हृदय नाही असे म्हणते, आणि तोही तुलाही दुसरा कोणी भेटेल असे सांगून संवाद संपवतो. समेट झालेला नाही आणि शिक्षाही झालेली नाही. हेच सूक्त काही भर घालून अथर्ववेदाच्या अठराव्या कांडात, अंत्यविधीच्या मंत्रांच्या आरंभी येते, यावरून प्राचीनांनी या कलहाचे नाते मृत्यूशी जोडले होते असे दिसते. इराणी परंपरेत, बुंदहिश्न या मध्य-पारसी ग्रंथात, यमाचा समांतर पुरुष जम आणि त्याची जुळी बहीण यांचा समागम झाल्याचे सांगितले आहे. म्हणजे एकाच मुळातून निघालेल्या दोन कथांनी परस्परविरुद्ध निर्णय दिले.

महाराष्ट्रात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या लेखमालेत, अतिप्राचीन समाजात सख्ख्या नात्यांतील संबंध निषिद्ध नसावेत असा तर्क मांडला, तेव्हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यावर मोठा क्षोभ झाला. या सूक्ताकडे एखाद्या लुप्त प्रथेचा पुरावा म्हणून पाहणे शक्य आहे, परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्यातील खरी दुर्मीळ गोष्ट निसटते. ती अशी की, सूक्तकर्त्याने नियम भावाच्या तोंडी दिला असला तरी त्या नियमाविरुद्धचा सर्वांत समर्थ युक्तिवाद बहिणीच्या तोंडी दिला आणि परंपरेने तो न गाळता मुखोद्गत ठेवला.

यमीच्या चरित्रातील सर्वांत हृदयद्रावक प्रकरण मैत्रायणी संहितेत आहे. संहिता म्हणजे वेदमंत्रांचे विशिष्ट शाखेने जपलेले संकलन. कृष्ण यजुर्वेदाची ही शाखा पाळणारी थोडी कुटुंबे नाशिक आणि खानदेशच्या भागात टिकून राहिली, आणि तिची एक आवृत्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधच्या स्वाध्याय मंडळातर्फे काढली. तेथे सांगितले आहे की यम मरण पावला तेव्हा देव यमीचे सांत्वन करू लागले, पण केव्हाही विचारले तरी ती, तो आजच गेला, एवढेच म्हणे. त्या वेळी रात्र नव्हती, अखंड दिवसच होता, त्यामुळे तिचा ‘आज’ कधी संपतच नव्हता. मग देवांनी रात्र निर्माण केली, रात्रीमागून उद्याचा दिवस आला, आणि तेव्हा ती त्याला विसरली. काळाची विभागणी एका बहिणीच्या दुःखासाठी करावी लागली, असे सांगणारी ही काही ओळींची कथा जगातील शोकवाङ्मयात फार वरच्या स्थानी ठेवण्यासारखी आहे. ऋग्वेदाच्या अनुक्रमणीने, म्हणजे कोणते सूक्त कोणत्या ऋषीचे हे नोंदवणाऱ्या सूचीने, दहाव्या मंडलातील १५४ वे सूक्त यमी वैवस्वतीच्या नावावर घातले आहे. मृताने तपस्वी, रणात देह ठेवणारे शूर आणि उदार दाते यांच्याकडे जावे अशी प्रार्थना त्यात आहे, आणि त्याच्या अखेरच्या ऋचांत यमाला नावाने हाक मारलेली आहे.

जुळ्या भावंडांच्या अशा कथेचे आकर्षण आधुनिक काळातही ओसरलेले नाही. मार्च १९६४ च्या ‘एक्स-मेन’ या अमेरिकी चित्रकथामालेच्या चौथ्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी वांडा ऊर्फ स्कार्लेट विच आणि तिचा जुळा भाऊ पिएत्रो ऊर्फ क्विकसिल्व्हर यांना प्रथम आणले. पुढे लिहिल्या गेलेल्या कथांत त्यांची आई जन्मानंतर लगेच नाहीशी झाल्याचे आणि दोघे परक्या घरी वाढल्याचे दाखवले गेले. बहिणीवर पहारा ठेवणारा, तिच्या प्रेमाला विरोध करणारा भाऊ आणि स्वतःच्या सामर्थ्याला घाबरणारी बहीण असे त्यांचे नाते रंगत गेले. २०१५ च्या चित्रपटात पिएत्रो मरतो, आणि २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’ या मालिकेत शोकाने भारलेली वांडा एका अख्ख्या गावाचे वास्तव बदलून टाकते. या लेखकांनी मैत्रायणी संहिता वाचली असण्याचे काही कारण नाही. तरीही हरवलेली आई, नियम सांगणारा भाऊ आणि काळाचा क्रम अडवून धरणारा शोक हे तीन घटक दोन्हीकडे एकत्र यावेत, ही गोष्ट तुलनात्मक अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

यमी नदी झाल्यावर तिचे सामर्थ्य वेगळ्या रीतीने प्रकट होऊ लागले. जलक्रीडेसाठी बोलावल्यावर न आल्यामुळे बलरामाने नांगराने तिला ओढल्याची कथा हरिवंशात आहे, आणि तिच्या स्वतंत्र बाण्याची ती एक प्रकारे कबुलीच आहे. मराठवाड्याच्या इतिहासात यमुनेचा प्रवेश मात्र राजसत्तेच्या द्वारातून झाला. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अ. स. आळतेकर यांच्यासह बहुतेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्यांच्या काळातील महत्त्वाचे केंद्र होते आणि तेथील जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव त्या वंशाची आठवण जपून आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस ध्रुव राजाने उत्तरेत गंगा-यमुनेच्या दुआबापर्यंत स्वारी केली, आणि राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या दानपत्रांत, या दोन नद्या राजचिन्हांच्या रूपाने शत्रूकडून हिरावून घेतल्याची प्रौढी आढळते. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात नदीदेवतांचे एक स्वतंत्र देवालय कोरलेले आहे. तेथे मकरावरील गंगेच्या जोडीला कासवावर उभी असलेली यमुना दिसते. गोदावरी आणि मांजरा यांच्या काठच्या या प्रदेशाला यमुना भौगोलिकदृष्ट्या दूरची असूनही लातूरचे नाव बिरुदात मिरवणाऱ्या वंशाने तिला आपल्या वैभवाची खूण केले. मूर्तिकारांनी तिला भावाशिवाय घडवले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. लेण्यात तिची जोडीदारीण गंगा आहे, यम नाही.

बहीणभावांचा समेट घडवण्याचे काम व्रतग्रंथांनी केले. भविष्योत्तर पुराणातील यमद्वितीयेच्या कथेत यमुना भावाला वारंवार निरोप पाठवते, तो कामात गुंतलेला असल्याने येत नाही, आणि अखेर कार्तिक शुद्ध द्वितीयेला येऊन तिच्या हातचे जेवतो. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख, असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथात अशी व्रते संकलित केली, आणि मराठवाड्यातूनच त्यांना मोठी मान्यता मिळाली. या दिवशी पुरुषाने स्वतःच्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचे जेवून तिला वस्त्रालंकार द्यावेत, सख्खी बहीण नसल्यास चुलत, मामे किंवा मित्राच्या बहिणीकडे जावे, असा विधी आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात दाखवले आहे की हा सण मुळात स्वतंत्र असून दिवाळीला नंतर जोडला गेला. वैदिक कलहाचा येथे मागमूस उरलेला नाही. तरी बोलावण्याचा अधिकार बहिणीकडेच राहिला आहे, आणि ज्याला सारे जग घाबरते तो तिच्या दारात पाहुणा होऊन येतो.

लोकाचाराने या शास्त्रात पुन्हा बदल केला. नांदेड आणि लातूरच्या ग्रामीण भागात दिवाळीला बहिणीला सासरहून आणायला मुऱ्हाळी, म्हणजे माहेरचा माणूस, जातो आणि भाऊबीज पुष्कळदा माहेरीच होते. श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपवास धरतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांत भाऊ हा सर्वाधिक आळवला गेलेल्या विषयांपैकी एक आहे, आणि मायेच्या जोडीने न आलेल्या मुऱ्हाळ्याची तक्रार, भावजयीचा दुरावा, आईवडिलांमागे परके होणारे माहेर हेही त्यांत आहे. यमीचा निराधारपणाचा प्रश्न दळणाऱ्या बायकांनी, वेद ऐकण्याचाही अधिकार नसताना, स्वतःच्या अनुभवातून पुन्हा विचारला.

आजच्या काळात हा प्रश्न सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद असलेल्या उताऱ्यावर, येऊन थांबला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायाद, म्हणजे मुलाबरोबरीची भागीदार, मानले. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तसाच नियम देशभर लागू केला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात मुलीचा हा हक्क जन्मानेच सिद्ध होतो, त्यासाठी २००५ साली पिता हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. तथापि हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने भावाच्या नावे आपला वाटा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, करून देण्याची रीत खेड्यापाड्यांत अजून पक्की आहे, कारण वाटा मागितला तर माहेर तुटेल ही भीती तितकीच पक्की आहे. यमीने आपला दावा एकाच गर्भात वाढल्याच्या आधारावर केला होता आणि यमाने तो नियमाच्या आधारावर फेटाळला होता. आता नियमच जन्माचा आधार मान्य करतो, आणि तरीही सहीसाठी कागद पुढे येतो तेव्हा बहुतेक घरांत तो बहिणीपुढेच येतो.