वाटणी न झालेला वाडा

वेल्शपूल (वेल्स) : वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, हे इथल्या दोन भाषांतल्या पाट्याच बजावतात. गावाबाहेरच्या टेकडीवर पोविस कॅसल उभा आहे. नाव किल्ल्याचं, पण चारशे वर्षांहून अधिक काळ हा वाडाच आहे. मूळ गढी तेराव्या शतकातल्या वेल्श राजाची. १५८७ साली सर एडवर्ड हर्बर्ट यांनी ती विकत घेतली आणि राहण्याजोगी केली.

दगड तांबडा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना आधी तो लिंपल्यासारखा वाटतो. पश्चिमेच्या दरवाजाला दोन गोल बुरूज आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला आत दारूगोळाच असेल असं वाटावं. आत शिरलं की मामला वेगळा. १५९०च्या दशकातली लाँग गॅलरी हे लांबट दालन. अशी दालनं त्या काळी पावसात घरातल्या घरात फेऱ्या मारायला उपयोगी पडत. पावसासाठी आभाळाकडे बघण्यात ज्यांचा अर्धा जन्म जातो त्या सांगोलेकरांनी यावर काय बोलावं! पुढे राजाच्या मुक्कामाच्या तयारीने सजवलेलं शयनगृह आहे. तिथे पलंगापुढे लाकडी कठडा. ही फ्रान्सच्या दरबाराची रीत. आणि तटाखालचा उभा कडा सतराव्या शतकाच्या अखेरीस तासून त्यावर एकाखाली एक बागेचे टप्पे केले. शत्रू चढू नये म्हणून निवडलेल्या उतारावर मग लिंबाची झाडं थंडीत जपायची खोली आली.

आपल्याकडे या वाड्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. आधी चार चुली, मग सोप्यात भिंत, मग चौकात भिंत, शेवटी दगड विक्रीला. गंमत अशी की वेल्सचा जुना कायदाही वाटणीचाच होता. बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी. धाकट्याने वाटे पाडायचे, थोरल्याने आधी उचलायचा. पोविसचं राज्यही बाराव्या शतकात असंच दुभंगलं. १५३६ आणि १५४२ साली आठव्या हेन्रीने वेल्सला इंग्रजी कायदा लावला, आणि सगळं थोरल्याकडे जाऊ लागलं. धाकट्यांनी फौज, चर्च किंवा परदेश धरावा. अन्याय खराच, पण अखंड वाडे त्याच अन्यायावर उभे आहेत.

वाटणी टळली तरी कर्ज टळत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाडा मोडकळीला आला होता. १७८४ साली घराण्यातल्या हेन्रिएटाचं लग्न एडवर्ड क्लाइव्हशी झालं. एडवर्ड म्हणजे प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा, पुढे मद्रासचा गव्हर्नर. बंगालच्या पैशाने वाडा सावरला. रॉबर्टच्या नातवाला मिळकत मिळाली ती मात्र क्लाइव्ह आडनाव टाकून हर्बर्ट लावल्यावर! आमच्या सांगोल्याचं नावही याच क्लाइव्हच्या काळात इतिहासात येतं : १७५० साली सांगोल्याच्या कराराने छत्रपतींचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला. पुढच्याच वर्षी अर्काटच्या वेढ्यात अडकलेल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या मदतीला मुरारराव घोरपड्यांची मराठी फौज निघाली होती. वाड्यातल्या क्लाइव्ह संग्रहालयात तीनशेहून अधिक वस्तू आहेत, त्यांत १७९९ साली श्रीरंगपट्टणम पडल्यावर हाती आलेला टिपूचा छिटाचा तंबू. या कुटुंबाने तो बागेतल्या मेजवान्यांना वापरला.

विसाव्या शतकात वारसाकरामुळे असे शेकडो वाडे पाडले गेले. पोविस वाचला, कारण चौथ्या अर्लने १९५२ साली मरताना तो नॅशनल ट्रस्टला दिला. ही सरकारी संस्था नव्हे. १८९५ साली निघालेला, सभासदांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि तिकिटांवर चालणारा न्यास आहे. घराण्याचे लोक आजही एका भागात राहतात आणि बाकीच्या भागात आपल्यासारखे फिरतात. वसाहतींच्या लुटीशी व गुलामगिरीशी आपल्या कोणत्या वास्तूंचा संबंध होता, याचा अहवाल ट्रस्टने २०२० साली प्रसिद्ध केला. त्यात पोविस होताच. काही सभासद आणि खासदार चिडले : आम्ही बाग बघायला येतो, हिशेब ऐकायला नव्हे. ट्रस्टने अहवाल मागे घेतला नाही.