पहिला सा लावताना

प्रेक्षक असले की झुरळांनाही फरक पडतो. 1969 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुरळांना पळायला लावलं. झुरळाला उजेड सोसत नाही, म्हणून मागून दिव्याचा झोत टाकायचा आणि पुढे अंधारी डबी ठेवायची. वाटेच्या कडेला पारदर्शक डब्यांत दुसरी झुरळं बसवलेली, म्हणजे श्रोतृवर्गच! वाट सरळ होती तेव्हा या प्रेक्षकांसमोर झुरळं एरवीपेक्षा जोरात पळाली. वाटेत वळण घ्यायचं आलं, तेव्हा मात्र प्रेक्षकांसमोरच त्यांना जास्त वेळ लागला.

झायन्स यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे कुणी बघतंय म्हटलं की शरीर चेततं आणि मग अंगात जे सगळ्यांत मुरलेलं असतं तेच आधी बाहेर पडतं. मुरलेलं नेटकं असेल तर काम फक्कड होतं, कच्चं असेल तर कच्चेपणा उघडा पडतो.

नवशिक्या गायकांच्या धास्तीबद्दल बोलताना मला हा प्रयोग सगळ्यांत उपयोगाचा वाटतो. क्लासच्या गुरुपौर्णिमेला पहिल्यांदा मंचावर बसणारी मंडळी नेमकी उलटी वागतात. वर्षभर घोटलेली बंदिश ‘साधी’ वाटते म्हणून मागे ठेवतात आणि गेल्या महिन्यात गळ्यावर चढायला लागलेली तान घ्यायला जातात. घरी ती पाचातून तीनदा जमत असते. मंचावर घेतली की सम हुकते आणि तबलजी समजूतदारपणे हसतो. अशा वेळी दोष धाडसाच्या अभावाला दिला जातो. चुकलेली असते ती निवड.

भीतीचा पहिला फटका गळ्यालाच का बसतो, हेही बघण्यासारखं आहे. सतारियाचा हात थरथरला तरी सतार जागच्या जागी असते. गायकाचं वाद्य मात्र त्याच्या घाबरलेल्या शरीराच्या आतच आहे. काळी पाच पट्टीत गाणाऱ्या बाईने मध्य सप्तकाचा सा लावला, की तिच्या जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीच्या स्वरपट्ट्या सेकंदाला साधारण 233 वेळा कंप पावतात. तार सा लावला की त्याच्या दुप्पट. या पट्ट्या ताणणारे स्नायू अगदी लहान आहेत. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरलं की मान आणि गळा आवळतो, स्वर वर सरकतो, तोंड कोरडं पडतं. श्वास उथळ झाला, की ओळीच्या शेवटी तोच स्वर खाली उतरतो. हृदय धडधडू लागलं की लयही वाढते आणि घरी संथ बसवलेलं भावगीत घाईघाईने संपतं.

यावरचा उपायही याच यंत्रणेत आहे. हृदयाची गती कमी करणारी व्हेगस ही मज्जातंतूची वाट मेंदूतून निघून गळ्यावरून छातीत उतरते. तिचीच एक डावी शाखा महाधमनीखालून वळसा घेऊन पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो आणि ठोके किंचित मंदावतात. म्हणून नाव पुकारण्याआधी मोठमोठे श्वास भरून घेण्यापेक्षा ते सावकाश सोडण्यात जास्त फायदा आहे. लांब, हलका खर्ज लावणं म्हणजे दुसरं काय? गळा तापवायला म्हणून सांगितलेली ही गोष्ट ठोक्यांनाही आवरते.

तरी धडधड पूर्ण थांबणार नाही, आणि तिला थांबवायच्या मागे लागूही नये. हार्वर्डमधल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसासमोर एक लोकप्रिय रॉक गाणं कॅराओकेवर गायला लावलं. सूर-तालाचे गुण व्हिडिओ गेमचं यंत्र देणार, त्यामुळे वशिल्याचा प्रश्नच नाही. काहींना गाण्याआधी ‘मी घाबरलोय’ असं म्हणायला सांगितलं, काहींना ‘मला उत्साह वाटतोय’ असं, आणि काहींना काहीच नाही. घाबरलोय म्हणणाऱ्यांना सरासरी 53 टक्के गुण पडले, गप्प राहिलेल्यांना 69 आणि उत्साही म्हणवणाऱ्यांना 80 च्या आसपास. ठोके सगळ्यांचेच वाढलेले होते. ‘शांत हो, शांत हो’ असं विंगेत पाठीवर थोपटणाऱ्या आई-बाबांनी हे वाचायला हरकत नाही. तापलेल्या शरीराला एका क्षणात गार करणं अवघड आहे, पण त्याच धडधडीला उत्सुकता म्हणणं जमण्यासारखं आहे.

आणखी एक दिलासा. आपली घालमेल समोरच्याला स्वच्छ दिसतेय असं घाबरलेल्याला वाटत असतं, प्रत्यक्षात ती फार कमी दिसते. मानसशास्त्रज्ञ केनेथ सॅव्हित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 साली भाषण करणाऱ्यांना एवढंच आधी समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणं सुधारली. गाण्यात आवाज थोडा थरथरला तर तो ऐकू येतो, हे खरं. पण गुडघे बैठकीत झाकलेले असतात.

गोळीचं काय, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. प्रोप्रॅनोलॉल हे जेम्स ब्लॅक यांनी हृदयरोगासाठी शोधलेलं औषध. 1988 चं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता. ते अ‍ॅड्रेनलिनला हृदयापाशी अडवतं, हातांची थरथर कमी करतं, म्हणून परदेशातले अनेक वादक ते घेत आले आहेत. पण दमा असलेल्याच्या श्वासनलिका त्याने आकसू शकतात, आणि गायकाची सारी मदार श्वासावर. मित्राने दिली म्हणून ही गोळी घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

शब्द विसरण्याची भीती मात्र खोटी म्हणता येत नाही. अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसंड 1967 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लाखाहून अधिक लोकांसमोर गाताना शब्द विसरल्या आणि त्यानंतर जवळजवळ 27 वर्षं त्यांनी तिकीट लावून होणाऱ्या मैफली टाळल्या. परतल्या त्या समोर शब्द दाखवणारा पडदा ठेवून. आपल्याकडे वही पुढे ठेवणाऱ्याकडे बघून अजून नाकं मुरडली जातात. ख्यालाच्या बैठकीत ते एकवेळ समजू शकतं, तिथे शब्दच मोजके. पण तीन अंतऱ्यांचं गाणं पहिल्यांदा गाणाऱ्याने वही खुशाल ठेवावी. अक्षर मोठं काढावं, आणि सगळं गाणं एकाच पानावर मावेल एवढं पाहावं, म्हणजे ऐन मुखड्यावर पान उलटायला लागत नाही.