उसाच्या फडातली बिबट्याची पिल्लं आणि ड्रोनची नजर

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याची मादी अनेकदा उसाच्या फडातच विते. ऊसतोड सुरू झाली की पाचटात दडलेली, डोळेही न उघडलेली पिल्लं कोयत्याच्या टप्प्यात येतात. इथे थर्मल ड्रोन कामाला येतो. पहाटे जमीन गार असते, तेव्हा जनावराच्या अंगाची ऊब पडद्यावर उजळ उठून दिसते. मात्र दाट पाल्याखालची ऊब नेहमीच टिपता येत नाही, म्हणून तोडताना नजर हवीच.

पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. वनकर्मचाऱ्यांनी संध्याकाळी ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली, की आई बहुतेकदा रात्रीतून घेऊन जाते. तोड थांबवा आणि लगेच वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा!