शिवी मेंदूत कुठे राहते?

दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागलं की गुरुग्राम संपता संपता मानेसर येतं. मोटारींच्या कारखान्यांमुळे हे नाव सगळ्यांच्या कानावर असतं. पण इथेच, अरवलीच्या टेकड्यांच्या कडेला, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाचणाऱ्यांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि त्यांचा मेंदू पाहिला. वाचन हे मुख्यतः डाव्या मेंदूचं काम. देवनागरी वाचताना मात्र उजवीकडचे काही भागही जागे होतात. आपली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे, उकार खाली, मात्रा डोक्यावर. नजरेला चहूबाजूंनी फिरावं लागतं ना!  

आता असंच वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात कादंबरी द्या आणि संवादात मधेच एक सणसणीत शिवी येऊ द्या. तिच्या डोक्यात काय होईल?

उत्तराचा पहिला धागा पॅरिसच्या एका इस्पितळात सापडतो. लबोर्न्य नावाच्या रुग्णाची वाचा गेली होती. काहीही विचारा, तो ‘तान’ एवढंच म्हणे. पण समोरच्याला आपलं म्हणणं कळत नाही म्हणून तो चिडला, की त्याच्या तोंडून अख्खी शिवी बाहेर पडे, तीही देवाच्या नावानं! 1861 मध्ये तो वारल्यावर शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. वाक्य रचण्याची यंत्रणा बंद पडली तरी शिवी शाबूत राहिली, कारण ती रचावी लागत नाही. भावनांशी जोडलेल्या खोलवरच्या भागांतून आणि बरीचशी उजव्या मेंदूच्या आधारानं ती सबंध उसळून येते. (देवनागरीची उजवी बाजू आणि शिवीची उजवी बाजू यांची बेरीज मात्र करू नका. ही कामं वेगळी.)

छापलेली शिवीसुद्धा अशीच मुसंडी मारते. निरनिराळ्या रंगांत छापलेले शब्द दाखवून ‘फक्त शाईचा रंग सांगा’ असं म्हटलं, तर शिवीपाशी लोक अडखळतात. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही हे ठरलेलं असतं, तरी मेंदू तिकडेच पळतो. पुढे आठवतातही तेच शब्द.

इंग्लंडातल्या कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स यांनी 2009 मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा शिवी देत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणत. शिवी देताना त्यांनी सरासरी चाळीसेक सेकंद जास्त कळ सोसली. दोन वर्षांनी त्यांनी याचीच दुसरी बाजू दाखवली: ज्यांच्या तोंडी रोजच शिव्या, त्यांना हा फायदा कमी. मला वाटतं, लेखकानं धडा घ्यावा तो इथूनच. संशोधक सेरा कॉइन यांनी किशोरांसाठीच्या चाळीस खपाऊ इंग्रजी कादंबऱ्या तपासल्या, तेव्हा पस्तिसांत शिव्या निघाल्या. पालकांना या आकड्याचा धसका बसतो. माझी तक्रार वेगळी आहे. पानोपानी लाखोली वाहिली, तर खरोखर आभाळ कोसळतं त्या प्रसंगासाठी पात्राकडे उरतं काय?

काही लेखक नव्याच शिव्या घडवतात. जेम्स डॅशनर यांच्या ‘द मेझ रनर’मधली मुलं ‘शक’, ‘क्लंक’ असलं काहीबाही म्हणतात. स्टीफन्स यांनी 2020 मध्ये बनावट शिव्याही बर्फाच्या पाण्यात तपासल्या. ऐकायला त्या मजेशीर वाटल्या, कळ मात्र जराही कमी झाली नाही. बापानं डोळे वटारल्याची आठवण त्यांच्यामागे नसते. आमच्या फास्टर फेणेच्या ‘ट्टॉक’नं तर शिवी व्हायचा आवही आणला नाही. भा. रा. भागवतांनी त्याच्या जिभेला फक्त एक आवाज दिला, आणि तो पुरला.

शब्दार्थ आणि शिवीचं काम यांतला फरक न्यायालयातही गाजला. ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेतली भाषा दिल्ली उच्च न्यायालयाला इतकी झोंबली, की ते भाग कानात इअरफोन घालून पाहावे लागले, असं निकालातच नोंदलं गेलं. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. शिव्या असभ्य असतील, पण राग किंवा वैताग व्यक्त करणारी शिवी केवळ तेवढ्यानं अश्लील ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. लबोर्न्यच्या शिवीलाही शब्दार्थाशी देणंघेणं नव्हतं.

आणि भाषा कोणती, यानंही फरक पडतो. तुर्की मातृभाषा आणि नंतर शिकलेलं इंग्रजी अशा दुभाषिकांच्या त्वचेवरचा बारीकसा घाम मोजला गेला. तुर्की शिवीला त्वचा अधिक दाद देई. त्याहून गंमत म्हणजे सगळ्यात मोठी तफावत दिसली ती लहानपणी खाल्लेल्या ओरड्याच्या शब्दांत! ‘लाज नाही वाटत?’ हे आईच्या भाषेतच अंगाला लागतं. म्हणून मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मधली नववीची पोरं ‘च्यायला’ म्हणतात तेव्हा ती शेजारच्या बाकावर बसल्यासारखी वाटतात. इंग्रजीतला चार अक्षरी शब्द मुलं आजीसमोरही खुशाल बोलून जातात. त्याचंच मराठी त्यांना तिच्यासमोर म्हणायला सांगून पाहा.