हिऱ्याचा दाखला

मालेगावच्या सराफाकडील हिरा बहुधा सुरतेस पैलू पाडून, मुंबईच्या बाजारातून आलेला असतो. त्याची खाण कोणती, हे गिऱ्हाइकास क्वचितच कळते. सिएरा लिओन व अंगोला येथील बंडखोरांनी कच्चे हिरे विकून शस्त्रे घेतली. त्यास आळा घालण्यासाठी २००३ साली ‘किंबर्ली प्रक्रिया’ अमलात आली. तेव्हापासून सहभागी देशांत कच्चे हिरे मोहोरबंद पेटीतून, सरकारमान्य दाखल्यासहच जातात. तथापि हा निर्बंध बंडखोरांच्या हिऱ्यांपुरताच आहे. झिंबाब्वेतील मरांगे येथे २००८ साली सरकारी सैन्यानेच खाणकऱ्यांना ठार केले; ते हिरे या व्याख्येत बसत नाहीत. शिवाय पैलू पडताच दाखल्याची अट संपते. तेथून पुढे ‘हा हिरा कोठला?’ हे विचारणे गिऱ्हाइकाचेच कर्तव्य ठरते.