एक्झॉस्ट निर्गमद्वार (शिडाची नौका)

शिडाच्या नौकेवरील एक्झॉस्ट निर्गमद्वार म्हणजे साहाय्यक इंजिनाचा धूर आणि इंजिन थंड करून आलेले पाणी ज्या छिद्रातून नौकेबाहेर सोडले जाते ते छिद्र होय. त्याची जागा चुकल्यास समुद्राचे पाणी नळीतून उलट शिरून इंजिनापर्यंत पोहोचू शकते. जुन्या नौकांत हा धोका अधिक असतो.

कार्यपद्धती

बहुतेक नौकांत 'ओली' एक्झॉस्ट पद्धत असते. पंपाने ओढलेले समुद्राचे पाणी इंजिनाची उष्णता घेऊन बाकदार जोडामध्ये धुरात मिसळते. धूर त्यामुळे इतका थंड होतो की पुढे रबरी नळी वापरता येते. हे मिश्रण वॉटरलॉक नावाच्या बंद टाकीत उतरते आणि धुराचा दाब ते नळीतून वर ढकलतो. नळी डेकच्या खालपर्यंत चढून हंसाच्या मानेसारखा वळसा घेते व उतरत निर्गमद्वाराशी येते. पाणी उलट येण्यापासून खरे संरक्षण या वळशाच्या उंचीमुळे मिळते. निर्गमद्वार पाणरेषेच्या किती वर आहे, हा त्यामानाने दुय्यम प्रश्न आहे.

जागेची निवड

निर्गमद्वार सहसा नौकेच्या मागील सपाट फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, किंवा मागच्या भागात एका बाजूला असते. ट्रान्समवरील द्वार नौका कलली तरी फारसे बुडत नाही. मात्र मागून येणाऱ्या लाटा थेट त्यावर आदळतात. शिवाय वारा मागून असताना धूर कॉकपिटमध्ये ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसल्याने ही बाब केवळ गैरसोयीची राहत नाही. बाजूचे द्वार नौका त्या अंगाला कलल्यावर पाण्याखाली जाते आणि काजळीने रंग काळवंडतो. नॉर्वेचे नौकारचनाकार कॉलिन आर्चर (1832–1921) यांच्या धाटणीच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या नौकांना ट्रान्समच नसतो. तेथे बाजूशिवाय पर्याय उरत नाही. कलण्यामुळे वळशाची उंची कमी होऊ नये म्हणून तो नौकेच्या मध्यरेषेजवळ ठेवणे इष्ट असते.

धक्क्याला बांधलेल्या नौकेवरून केलेले मोजमाप फसवे असते. इंजिनावर वेगाने जाताना मागचा भाग खाली बसतो. वर्षानुवर्षे वाढलेल्या सामानानेही जुनी नौका मूळ पाणरेषेपेक्षा खोल तरंगते.

जुन्या नौकांतील बदल

अमेरिकेतील अनेक जुन्या नौकांत मूळचे अ‍ॅटॉमिक 4 हे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले. अशा वेळी जुनी नळी व द्वार अरुंद ठरू शकतात. धुरास अडथळा झाल्याने इंजिनाची शक्ती घटते. थंड पाणी धुरात मिसळण्याची जागा पाणरेषेखाली किंवा तिच्या किंचित वर असेल, तर पाण्याच्या नळीत सायफन तोडणारी झडप उंचावर बसवावी लागते. ती नसल्यास बंद इंजिनातही समुद्राचे पाणी हळूहळू भरत राहते, आणि हा दोष निर्गमद्वार हलवून दूर होत नाही.

इंजिन सुरू होत नसताना वारंवार स्टार्टर फिरवल्यासही वॉटरलॉक भरतो, कारण पंप पाणी ओढतो, पण ते बाहेर ढकलणारा धूर नसतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून इंजिन पेट घेईपर्यंत पाण्याची झडप बंद ठेवतात आणि ते सुरू होताच उघडतात. त्यानंतर निर्गमद्वारातून पाणी उसळते आहे का हे पाहिले जाते. सुकाणूजवळून ते दिसेल किंवा ऐकू येईल, अशी जागा त्यामुळे सोयीची मानली जाते.